वऱ्हाडचे ऊन आणि चष्म्यातली काच

अमेरिकेतील मेटा या कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये ७९९ डॉलर किमतीचा एक चष्मा विक्रीस आणला. त्याचे वजन अवघे ६९ ग्रॅम. त्याच्या उजव्या काचेत एक लहानसे चित्र उमटते आणि आलेला निरोप, रस्त्याचा नकाशा किंवा समोरच्या माणसाच्या बोलण्याची अक्षरे खऱ्या दृश्यावरच तरंगू लागतात. या प्रकाराला ऑगमेंटेड रिॲलिटी असे नाव आहे. डोळ्यांपुढचे जग झाकायचे नाही, त्यावरच टीप लिहायची, अशी ही कल्पना. या चष्म्याविषयी वृत्तपत्रांतून पुष्कळ चर्चा झाली. त्यातून माणसांचे खासगीपण कसे धोक्यात येईल, मोबाईल टेलिफोन इतिहासजमा होईल की नाही, कोणती कंपनी कोणावर मात करील, हे सारे विषय चघळून झाले. काचेचा विषय मात्र भिंगवाल्यांचा म्हणून बाजूला राहिला. वास्तविक गेल्या जवळजवळ साठ वर्षांत या यंत्राची गाडी वारंवार अडली ती काचेपाशीच, आणि तिचा उलगडा कोण, कोठे व कोणासाठी करतो यावर या यंत्राचा बडनेऱ्यासारख्या गावाला उपयोग होणार की नाही हे ठरणार आहे.

या यंत्राचा पहिला अवतार १९६८ सालचा. आयव्हन सदरलँड या अमेरिकन संशोधकाने दोन छोट्या चित्रनलिका आणि अर्धपारदर्शक आरसे एकत्र आणून डोक्यावर चढवण्याचा एक सांगाडा तयार केला. तो इतका अवजड होता की छतापासून आधार द्यावा लागला. वजनाची अडचण पुढे इलेक्ट्रॉनिक्सने बरीच दूर केली. आरशाची अडचण मात्र पदार्थविज्ञानाची असल्यामुळे ती कोणाच्या आज्ञेने दूर होण्यासारखी नव्हती.

ती अडचण समजण्यास आण्यांचा हिशोब पुरेसा आहे. चष्म्याच्या एका साध्या रचनेत कपाळाजवळच्या पडद्याचा प्रकाश प्रथम एका तिरप्या अर्धआरशावर पडतो, तेथून पुढच्या वक्र अर्धआरशावर जातो आणि परत फिरून त्याच तिरप्या आरशातून डोळ्यात येतो. प्रत्येक ठिकाणी निम्मा प्रकाश गळतो. पडद्यातून रुपया निघाला तर तीन वेळा निम्मा होऊन डोळ्याच्या हाती दोन आणे पडतात. बाहेरच्या जगाचा प्रकाशही दोन अर्धआरशांतून येत असल्याने त्याचे चार आणेच उरतात. ध्रुवित प्रकाशाच्या युक्त्यांनी हा हिशोब काहीसा सुधारतो, परंतु चित्र उजळ करावे तर जग काळवंडते आणि जग स्वच्छ ठेवावे तर चित्र फिके पडते, ही ओढाताण संपत नाही.

या जाड आरशांऐवजी अलीकडे पातळ काचेची पट्टी वापरतात. पट्टीच्या एका टोकाशी प्रकाश आत सोडायचा, पूर्ण आंतरिक परावर्तनाने तो काचेतल्या काचेत उड्या मारीत पुढे न्यायचा आणि डोळ्यासमोर आला की थोडा थोडा बाहेर काढायचा. आत घेण्याचे व बाहेर काढण्याचे काम बहुधा काचेवर कोरलेल्या अतिसूक्ष्म रेघा करतात. दोन रेघांमधले अंतर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या तीन-चार पटींइतके असते. चष्मा दिसायला नीटस होतो. पण प्रकाशाचे काय होते? अशा रेघांच्या पट्टीत दिव्याच्या रुपयातला जेमतेम एक-दोन पैसे डोळ्यापर्यंत पोचतात. यात कारागिरीचा दोष फारसा नाही. नाकावर चष्मा थोडा घसरला, डोळा फिरला, तरी चित्र दिसत राहावे म्हणून त्याच किरणांच्या अनेक प्रती काढून त्या रुंद जागेवर पसरवाव्या लागतात. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. वाटेकरी वाढले म्हणून जमीन वाढत नाही, प्रत्येकाच्या वाट्याला येणारा तुकडाच लहान होतो.

तीच गत चित्राच्या रुंदीची. काचेचा अपवर्तनांक दीडच्या आसपास असेल तर सुमारे ४२ अंशांपेक्षा जास्त तिरपे किरणच आत कोंडून राहतात. अपवर्तनांक जितका मोठा तितकी ही मर्यादा खाली येते आणि तितके रुंद चित्र काचेतून वाहून नेता येते. म्हणूनच मेटाने सप्टेंबर २०२४ मध्ये दाखवलेल्या ओरायन या नमुन्यात काचेच्या जागी सिलिकॉन कार्बाइड वापरले. त्याचा अपवर्तनांक अडीचच्याही वर असल्यामुळे ७० अंशांचे दृष्टिक्षेत्र साधले. परंतु खर्च असा की तो चष्मा विक्रीस काढण्याचे धाडस कंपनीने केले नाही. वर्षभराने जो विकायला आणला त्याचे दृष्टिक्षेत्र आहे अवघे २० अंश. या माघारीत अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने वाचावे असे पुष्कळ आहे.

आता हाच चष्मा बडनेऱ्यात आणून पाहावा. बडनेऱ्यालगत रेल्वेचा वॅगन दुरुस्तीचा कारखाना उभा राहिला आहे. तेथे असे चष्मे वापरले जातात असे नाही. पण या यंत्राचा खराखुरा उपयोग जर कोठे असेल तर तो अशाच ठिकाणी आहे. दोन्ही हात ब्रेकच्या जुळणीत गुंतलेल्या फिटरला पुस्तिकेची पाने उलटता येत नाहीत. कोणता नट आधी सोडवायचा, कोणत्या भागाची झीज किती चालते, हे त्या भागावरच लिहिलेले दिसले तर नवशिक्याची चूक टळेल आणि जुन्या मिस्त्रीचे ज्ञान त्याच्या निवृत्तीबरोबर घरी जाणार नाही. दिवाणखान्यात बसून निरोप वाचणाऱ्याला हा चष्मा नसला तरी काही बिघडत नाही. गरज आहे ती फिटरला.

आणि येथेच वऱ्हाडचे ऊन आडवे येते. छपराखाली काही शे लक्स इतका उजेड असतो. फिटर यार्डात पाऊल टाकतो आणि क्षणात एक लाख लक्सच्या उन्हात येतो. अशा उन्हातली चुन्याची पांढरी भिंत सुमारे पंचवीस हजार निट्स इतकी झळाळते. धुळीने माखलेला वॅगनचा पत्रा, पाचवा हिस्सा प्रकाश परतवीत असेल असे धरले तरी, सहा हजारांच्या पुढे जातो. चष्म्यातले अक्षर ५०० निट्सचे असेल तर पत्र्यावर ते आठ टक्क्यांनी उजळ दिसेल, म्हणजे बहुधा दिसणारच नाही. मेटाच्या नव्या चष्म्याचे चित्र जास्तीत जास्त ५,००० निट्सचे आहे. ते पत्र्यावर वाचता येईल, पांढऱ्या भिंतीवर मात्र वीस टक्क्यांच्या फरकावर डोळे ताणावे लागतील. आणखी एक गोष्ट अशी की या चष्म्याला काळे चित्र काढताच येत नाही. तो दृश्यात प्रकाशाची भर घालू शकतो, वजाबाकी त्याला ठाऊक नाही. लख्ख उजेडावर काळी रेघ ओढण्याचा जो मार्ग छापील पुस्तकाला मोकळा आहे तो त्याला बंद आहे.

यावर उपाय म्हणून उन्हात आपोआप गडद होणारी काच लावतात. मेटाच्या चष्म्यातही तशीच काच आहे. युक्ती चांगली, पण तिला एक व्यंग आहे, ज्याची चर्चा थंड देशांत फारशी होत नाही. या काचेतली रसायने ऊन पडले की गडद होतात आणि उष्णतेने पुन्हा फिकी होतात. थंडीत ती जितकी काळी होते तितकी उन्हाळ्यात होत नाही. मे महिन्यात अकोला-अमरावतीचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा ज्या वेळी तिची सर्वांत जास्त गरज त्याच वेळी ती सर्वांत कमी गडद होणार. दिव्यांचेही तसेच. तांबडा प्रकाश देणाऱ्या सूक्ष्म दिव्यांचा उजेड तापमानाबरोबर हिरव्या-निळ्यापेक्षा अधिक वेगाने घटतो. धोक्याची खूण जगभर तांबडी असते. बडनेऱ्याच्या दुपारी तीच प्रथम मंदावेल. त्यातच काचेवरच्या सूक्ष्म रेघांवर तिरपे ऊन पडले की त्या इंद्रधनुष्याचे पट्टे डोळ्यात फेकतात. काव्याच्या दृष्टीने हे ठीक असेल, धावत्या क्रेनखाली उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने नाही.

दुसरी अडचण अंतराची. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स या यंत्रातले चित्र डोळ्यांना सुमारे दोन मीटरवर असल्यासारखे भासे आणि सव्वा मीटरच्या आत चित्र शक्यतो ठेवू नये, असे निर्मात्यांचेच सांगणे होते. फिटरचा हात, पाना आणि नट असतात अर्ध्या मीटरवर. नटाकडे पाहावे तर अक्षर पुसट, अक्षराकडे पाहावे तर नट पुसट. शिवाय दोन्ही डोळे एका अंतरावर वळलेले आणि आतले भिंग दुसऱ्या अंतरावर जुळलेले, या विसंगतीने डोके दुखू लागते. हा दोष दूर करण्यास मात्र सिलिकॉन कार्बाइड लागत नाही. चित्र देणाऱ्या पट्टीच्या डोळ्याकडील बाजूस उणे दीड नंबरचे भिंग बसवले की दोन मीटरवरचे चित्र अर्ध्या मीटरवर येते आणि बाहेरच्या बाजूस अधिक दीडचे भिंग बसवले की जगाचे दृश्य होते तसेच राहते. ही दोन भिंगे घासून देणे अमरावतीतल्या कोणत्याही चांगल्या चष्मेवाल्याच्या आवाक्यातले आहे. चाळिशी उलटलेल्या मिस्त्रीचा नंबरही त्यातच सामावता येईल. तथापि कारखान्यात भिंगाच्या जोडीने चष्म्याचे वजन वाढते, आणि दिवाणखान्यातल्या गिऱ्हाईकाला ते नको असते. बाजारात कोणाचे चालते हे उघड आहे.

येथे प्रश्न काचेचा राहत नाही, मागणीचा होतो. होलोलेन्सची दुसरी आवृत्ती २०१९ मध्ये साडेतीन हजार डॉलरला निघाली ती कारखान्यांसाठी व शल्यचिकित्सकांसाठीच होती. २०२४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. गूगलने आपला कारखान्यांसाठीचा चष्मा २०२३ मध्ये बंद केला. अमेरिकन सैन्याने २०२१ मध्ये दहा वर्षांत २१.८८ अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकेल असा करार मायक्रोसॉफ्टशी केला, पण चाचण्यांत सैनिकांना डोकेदुखी, मळमळ व डोळ्यांवर ताण जाणवल्याचे बाहेर आले आणि २०२५ मध्ये ते काम दुसऱ्या कंपनीकडे सोपवण्यात आले. जगातील सर्वांत श्रीमंत सैन्याचा पैसाही काचेच्या नियमांपुढे नमला. अशा काचेचे साचे, कोरणीची यंत्रे, तपासणीची साधने यांचा खर्च आरंभीच करावा लागतो आणि तो लाखो नगांवर विभागला गेला तरच किंमत उतरते. कारखान्यांची मागणी हजारांची, दिवाणखान्यांची लाखांची. म्हणून पुढची काच दिवाणखान्याच्या मापाने, समशीतोष्ण देशाच्या उजेडाला धरून बेतली जाते. फिटरने उरलेसुरले वापरावे, असा हा बाजाराचा निवाडा आहे.

या निवाड्यात फेरफार करण्याची शक्ती एकाच गिऱ्हाइकापाशी असते, ते म्हणजे सरकार. आणि आपल्या देशात त्याचे उदाहरण आहे. लढाऊ विमानात वैमानिकासमोर तिरपी काच असते व तिच्यावर वेग, उंची, लक्ष्य यांची अक्षरे बाहेरच्या आकाशावर उमटतात. आजच्या चष्म्याची ही थोरली बहीण होय. तेजस विमानासाठी ती चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेने तयार केली आणि भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या पंचकुला येथील कारखान्यात तिचे उत्पादन झाले. ढगांच्या वर, भर उन्हात अक्षर वाचता आलेच पाहिजे, ही अट गिऱ्हाइकाने आधी लेखी घातली होती. रचना त्या अटीभोवती झाली. त्याच तेजसची जुळणी २०२५ पासून नाशिकजवळ ओझरलाही होऊ लागली आहे. उलट उदाहरणही आहे. दुर्गापूरला चष्म्याची काच बनवणारी भारत ऑप्थॅल्मिक ग्लास ही सरकारी कंपनी १९७२ मध्ये निघाली आणि पुढे बंद पडली. कारखाना उभा करणे आणि बाजार बदलत असता त्याच्याबरोबर चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सरकारी उद्योगाच्या कैवाऱ्यांनी मान्य केले पाहिजे.

आज महाराष्ट्रातही प्रयत्न आहेत. ठाण्याच्या डायमेन्शन एनएक्सजी या कंपनीने अज्नालेन्स या नावाने डोक्यावर चढवायची यंत्रे बनवून दाखवली आहेत. हे कौतुकास्पद खरेच. पण यंत्राची जुळणी आणि त्यातली प्रणाली येथे झाली तरी उच्च अपवर्तनांकाच्या काचेच्या चकत्या जर्मनीची शॉट, अमेरिकेची कॉर्निंग, जपानची होया अशा मोजक्या कंपन्याच पुरवतात. शॉटने इस्रायलच्या ल्यूमस कंपनीची आरशांच्या पट्ट्यांची रचना मलेशियातील आपल्या कारखान्यात तयार करण्यास घेतली आहे. या रचनेत सूक्ष्म रेघांऐवजी अंशतः चांदी चढवलेले आरसे असल्याने प्रकाशाची गळती कमी होते. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने सेमीकंडक्टर व पडदे यांच्या उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तीत काचेला स्वतंत्र स्थान नाही. सिलिकॉन म्हटले की मंत्रालये जागी होतात आणि काच म्हटले की बांगड्या आठवतात, असाच याचा अर्थ घ्यावा लागेल.

वऱ्हाडाला ही वाटणी ओळखीची आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली ती बडनेऱ्यावरून, आणि बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा गेला तो कापसासाठी. सरकी काढून गाठी बांधण्यापर्यंतचे काम येथे, त्यापुढची कमाई मँचेस्टरात. सूत आणि कापड यांत जो नफा होता तो ज्ञानाचा आणि यंत्राचा होता, आणि तो गाठीबरोबर जहाजात चढला. चष्म्याच्या धंद्यातही जुळणी, विक्री व दुरुस्ती आपल्याकडे आणि काच दुसरीकडे अशी वाटणी झाली, तर बडनेऱ्याच्या प्रा. राम मेघे अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींच्या वाट्याला पुन्हा गाठी बांधण्याचेच काम येईल. १९८३ साली निघालेल्या या महाविद्यालयाने आणि त्याच्यासारख्या इतरांनी हजारो अभियंते घडवले. त्यांतले किती जण भिंगाची रचना करू शकतील, हा प्रश्न कोणी विचारीत नाही, कारण तो अभ्यासक्रमातच जवळजवळ नाही. पुण्याच्या आयुका या संस्थेने सूर्याच्या अभ्यासासाठी आदित्य यानावरील जी दुर्बीण तयार केली, ती २ सप्टेंबर २०२३ रोजी अवकाशात गेली. काचेची विद्या महाराष्ट्राला अशक्य नाही, हे त्यावरून दिसते. ती पुण्यापासून बडनेऱ्यापर्यंत यावी यासाठी कोणी मुद्दाम वाट केलेली नाही, एवढेच.

ज्या जिल्ह्यात शेतकरी आत्महत्या करतो तेथे अशा चष्म्यांची उठाठेव कशाला, असा आक्षेप घेतला जाईल आणि तो सहज उडवून लावण्यासारखा नाही. त्याचा खरा रोख खरेदीवर असला पाहिजे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांसाठी असे चष्मे घाऊक घ्यावेत, प्रयोगशाळा सजवाव्यात, उद्घाटने करावीत, हा मोह सध्या टाळलाच पाहिजे. आजची काच येथील उन्हाला व फिटरच्या हाताला जुळत नाही आणि तीन-चार वर्षांत निर्माता उत्पादनच थांबवतो, हा अनुभव ताजा आहे. बंद खोलीत वेल्डिंगचा सराव द्यायचा असेल तर आरपार न दिसणारी, कॅमेऱ्यातून जग दाखवणारी स्वस्त यंत्रे पुरेशी आहेत. विद्येवरचा खर्च निराळा. काच घासण्याची, मोजण्याची, भिंगांची रचना संगणकावर तपासण्याची एक कार्यशाळा एखाद्या महाविद्यालयात उभी करण्यास अब्जावधी डॉलर लागत नाहीत. उणे दीड–अधिक दीडची जोडी, उष्णतेतही गडद राहणारे बाहेरचे आवरण, घाम व धूळ यांपासून काचेचा बचाव, वाढत्या तापमानात तांबड्याऐवजी कोणत्या रंगाची खूण द्यावी याची मोजणी, ही कामे मेटाच्या प्रयोगशाळेत कोणी करणार नाही, कारण तेथे असे ऊन नाही. ज्या शेतमजुराचा मुलगा आयटीआयमध्ये फिटर होतो त्याच्या दृष्टीने ही मोजणी परकी नाही.

रेल्वेने किंवा राज्याच्या कौशल्य विकास विभागाने पुढे कधी असे चष्मे घेण्याचे ठरवले, तर निविदेत दृष्टिक्षेत्राचे अंश आणि पडद्याची रेषासंख्या यांच्याबरोबर आणखी तीन अटी घालाव्यात. अर्ध्या मीटरवरचे चित्र स्वच्छ दिसले पाहिजे. ४५ अंश तापमानात सलग दोन तास यंत्र चालले पाहिजे. आणि एक लाख लक्सच्या उन्हात अक्षर वाचता आले पाहिजे. ही शेवटची कसोटी पाहण्यासाठी परदेशी प्रमाणपत्राची जरुरी नाही. मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान यंत्र यार्डात न्यावे, पन्नाशीतल्या एका आणि विशीतल्या एका फिटरला ते घालावे, आणि एकदा गंजलेल्या वॅगनपुढे व एकदा चुन्याच्या भिंतीपुढे उभे करून समोरची ओळ मोठ्याने वाचावयास सांगावे. विक्रेत्याचा प्रतिनिधी त्या वेळी छपराखाली न थांबता शेजारी उभा असावा.